‘घरकाम’ म्हणजे नेमके कोणाच्या घरचे? एका रुग्णनोंदणी प्रणालीचे परीक्षण

पश्चिम महाराष्ट्रातील आमच्या मध्यम आकाराच्या धर्मादाय रुग्णालयात गेल्या दीड वर्षापासून एक संगणकीय रुग्णनोंदणी प्रणाली वापरात आहे. केसपेपर काढणे, बिले, औषधभांडार, प्रयोगशाळेचे अहवाल ही तिची नेहमीची कामे ती बऱ्यापैकी करते आणि त्यांच्याविषयी येथे काही लिहायचे नाही. हे परीक्षण तिच्या एकाच भागाचे आहे. विक्रेत्याने त्या भागाला ‘सामाजिक माहिती’ असे नाव दिले असून विक्रीच्या वेळी तो स्वतंत्र वैशिष्ट्य म्हणून दाखवला होता. मी समाजसेवा विभागात काम करते, त्यामुळे या भागाशी माझा रोजचा संबंध येतो. प्रणालीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण यापूर्वी मी दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्रणाली हाताळल्या आहेत आणि थोड्याफार फरकाने हेच दोष त्यांतही होते. एकीचे नाव घेतले, तर बाकीच्या निर्दोष आहेत असा समज व्हायचा.

रुग्णाचे घर, काम, शिक्षण, उत्पन्न, सोबतची माणसे यांची नोंद रुग्णालयाने कशासाठी ठेवायची, असा प्रश्न आजही काही डॉक्टर विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याच्या सामाजिक घटकांवर आयोग नेमला आणि त्याचा अहवाल 2008 मध्ये आला, तेव्हापासून हा विषय जगभर चर्चेत आहे. वॉर्डातल्या कामासाठी मात्र इतक्या मोठ्या आधाराची गरज नाही. इन्सुलिन लिहून दिलेल्या माणसाच्या घरी फ्रिज नसेल, तर ती कुपी मे महिन्यात कोठे ठेवली जाणार आहे हे डिस्चार्ज कार्ड लिहिण्याच्या आधी कळले पाहिजे. क्षयाच्या रुग्णाला औषध सरकारकडून मोफत मिळते. पण तो दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांसोबत झोपतो की स्वतंत्र पडवीत, हे कळल्याशिवाय घरातल्या इतरांची तपासणी कितपत तातडीने करायची ते ठरत नाही.

आता प्रणालीकडे वळू. केसपेपर काढतानाच नोंदणी खिडकीवर हा पडदा उघडतो. शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, रेशनकार्डाचा रंग, वैवाहिक स्थिती, घराचा प्रकार, पिण्याचे पाणी, गॅस, व्यसन, एकटे राहता का, असे रकाने एकाखाली एक येतात आणि ते सगळे भरल्याशिवाय केसपेपर छापला जात नाही. व्यवस्थापनासाठी वेगळा पडदा असून त्यावर ‘माहितीची पूर्णता’ दाखवणारी हिरवी पट्टी आहे. आमची पट्टी पहिल्या महिन्यापासून जवळजवळ पूर्ण हिरवी होती, आणि मासिक बैठकीत त्याबद्दल आमचे कौतुकही झाले.

माझा या प्रणालीवरचा मुख्य आक्षेप त्या पट्टीपासूनच सुरू होतो. होय-नाही स्वरूपाच्या प्रत्येक रकान्यात ‘नाही’ हे उत्तर आधीपासूनच भरलेले असते. सकाळी साडेनऊला खिडकीपुढे पन्नास माणसांची रांग असताना तेथे बसलेला माझा सहकारी एकेक प्रश्न विचारत बसणार नाही, आणि त्याने तसे करावे अशी माझीही अपेक्षा नाही. तो रकाने तसेच सोडून पुढे जातो आणि प्रणाली ते ‘भरलेले’ म्हणून मोजते. परिणामी एकटी राहणारी बाई, जिला घरी नेऊन सोडायलाही कोणी नाही, ती आमच्या नोंदीत ‘एकटे राहता का : नाही’ अशी बसते. विचारले आणि नाही म्हणाली, विचारले पण सांगितले नाही, विचारलेच नाही, आणि ज्याला विचारले त्यालाच माहीत नव्हते, या चार अगदी निराळ्या गोष्टी आहेत. बेशुद्ध रुग्णाला रस्त्यावरून उचलून आणणाऱ्या रिक्षावाल्याला त्या रुग्णाचे शिक्षण माहीत नसते. ही प्रणाली त्या चारही गोष्टी एकाच शब्दात कोंबते. रिकामा रकाना निदान रिकामा दिसतो, त्याच्यावर कोणी विसंबत नाही. येथे न विचारलेल्या प्रश्नाला उत्तराचे रूप मिळते, आणि वर्षअखेरच्या अहवालात आमच्या रुग्णांपैकी एकटे राहणारे जवळपास कोणीच नाही असे सिद्ध होते.

सक्तीच्या रकान्यांचे दुसरे फलित म्हणजे संख्यांचा कचरा. उत्पन्नात शून्य, एक, नऊ-नऊ-नऊ-नऊ. कुटुंबातील व्यक्तींच्या रकान्यात एकदा तर रुग्णाचा मोबाइल क्रमांक. कोणत्याही संख्येला प्रणाली हरकत घेत नाही. वयाच्या बाबतीत आमच्याकडील प्रौढ रुग्णांची वये चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, साठ अशी गोल असतात, हे जनगणना करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक असलेले दुखणे आहे आणि त्याचा दोष सॉफ्टवेअरला देता येणार नाही.

व्यवसायाचा रकाना मी सर्वांत जास्त वेळ तपासला, कारण आजाराचा माग बहुधा कामातूनच लागतो. येथे तयार पर्यायांची यादी आहे आणि ती बहुधा कोठल्या तरी इंग्रजी यादीचे भाषांतर असावी : नोकरी, व्यापार, शेती, मजुरी, घरकाम, विद्यार्थी, निवृत्त, इतर. त्यातील ‘घरकाम’ या शब्दाने आमच्या नोंदीचे सर्वाधिक नुकसान केले आहे. “मावशी, काय काम करता?” असे विचारले की बाई “घरकाम” म्हणतात. हे घरकाम त्यांच्या स्वतःच्या घरचे की चार बिऱ्हाडांची धुणीभांडी, हे मराठीत त्या एका शब्दातून कळत नाही. बोलणाऱ्याच्या कपड्यांवरून आणि हातांवरून ऐकणारा अंदाज बांधतो, संगणकाला ती सोय नाही. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात असलेल्या बाईचा त्वचेचा विकार आणि घर सांभाळणाऱ्या बाईचा त्वचेचा विकार आमच्या यादीत शेजारी शेजारी, एकाच व्यवसायाखाली बसतात. ‘शेती’चेही तेच. पाच एकर बागायतीचा मालक शेतीच करतो आणि त्याच्या रानात रोजाने फवारणी करणारा माणूसही “शेतीच करतो की” असेच सांगतो, मात्र कीटकनाशकाचा पंप पाठीवर कोणाच्या असतो हे आपल्याला हवे असते. यंत्रमागावरचा कामगार ‘नोकरी’त जातो, खाणीवर दगड फोडणारा ‘मजुरी’त, आणि फुप्फुसांत धूळ साठणाऱ्या या दोघांना शोधायचे म्हटले तर प्रणालीत मार्ग उरत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात हा दोष सर्वांत ठळक दिसतो. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दिवाळीच्या आसपास हजारो कुटुंबे आमच्या भागातील साखर कारखान्यांवर येतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. म्हणजे त्या व्यवहारात बाई निम्म्या कोयत्याची धनी असते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. आमच्या खिडकीवर मात्र नवरा ‘मजुरी’ होतो आणि त्याच कोयत्याचा दुसरा अर्धा भाग ‘घरकाम’ होतो, कारण प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा नवराच देतो. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. अशा प्रश्नाचा माग एखाद्या रुग्णालयाला स्वतःच्या नोंदीतून काढायचा असेल, तर आमच्या प्रणालीतून तो निघणार नाही, कारण तिच्या लेखी ऊस तोडणारी बाई अस्तित्वातच नाही.

या कुटुंबांचा पत्ता हा स्वतंत्र विषय आहे. प्रणाली आधार कार्डावरून पत्ता आपोआप उचलते. खिडकीवरचे काम त्यामुळे हलके झाले हे मान्य. पण आधारवरचा पत्ता बीडच्या गावचा, रुग्ण मात्र पाच महिने कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाच्या खोपीत राहणारा. ‘घराचा प्रकार : पक्के’ हे उत्तर गावाकडच्या घराला उद्देशून खरेच असते. सध्या कोठे राहता आणि कधीपर्यंत राहणार, असे दोन साधे रकाने असते तर औषध संपल्यावर रुग्ण आमच्याकडे येईल की चारशे किलोमीटरवरच्या आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाईल, हे ठरवता आले असते. शिवाय प्रणालीत प्रत्येक रुग्णाची एकच सामाजिक नोंद राहते. नवीन उत्तर जुन्यावर लिहिले जाते, जुने कायमचे जाते, आणि उत्तर कोणत्या तारखेला, कोणी दिले व कोणी लिहिले याचा मागमूस राहत नाही. रक्तातील साखरेच्या प्रत्येक आकड्याला तारीख आणि वेळ असते. नोकरी गेल्याच्या बातमीला ती का नसावी, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

उत्पन्नाचा रकाना मात्र सॉफ्टवेअरच्या पलीकडचा आहे, आणि येथे मला आमच्याही बाजूचा दोष मान्य केला पाहिजे. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41अअ खालील योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार रुपये आणि दुर्बल घटकासाठी 3 लाख 60 हजार रुपये आहे. एकदा उत्पन्नाच्या आकड्यावर बिल माफ होणे अवलंबून राहिले की तो आकडा उत्पन्नाचा राहत नाही, तो पात्रतेचा होतो. तहसीलदारांच्या दाखल्यावर जे असेल ते रकान्यात येते, आणि दाखले मर्यादेच्या थोडे खाली दाटीवाटीने उभे असतात. यात रुग्णांना खोटारडे ठरवण्याचा माझा हेतू नाही. ज्याचे उत्पन्न हंगामावर, पावसावर आणि मुकादमाच्या हिशेबावर चालते त्याला वर्षाचा एक आकडा खरोखरच सांगता येत नाही, मग तो जो आकडा उपयोगी आहे तो सांगतो. रेशनकार्डाचेही असेच आहे. पिवळे, केशरी आणि शुभ्र ही तीन रंगांची विभागणी 1999 पासूनची आहे आणि पिवळ्या कार्डाची मूळ उत्पन्नमर्यादा वर्षाला 15 हजार रुपये. आज त्या रंगावरून घरातली परिस्थिती ओळखू पाहणे म्हणजे जुन्या फोटोवरून माणसाचे वजन सांगण्यासारखे आहे. दाखल्यावरचे उत्पन्न एका रकान्यात आणि ‘गेल्या महिन्यात औषध किंवा किराणा उधारीवर आणावा लागला का’ यासारखा प्रश्न दुसऱ्या रकान्यात, अशी फारकत केली असती तर पहिला रकाना लेखापालाला आणि दुसरा आम्हाला उपयोगी पडला असता.

याच कच्च्या आकड्यांवर प्रणाली आणखी एक इमला चढवते. ती कुप्पुस्वामी श्रेणीनुसार रुग्णाचा सामाजिक-आर्थिक स्तर आपोआप काढून नावाशेजारी रंगीत ठिपक्याने दाखवते. ही श्रेणी 1976 ची आहे, ती शहरी कुटुंबांसाठी बनवलेली आहे, तीत कुटुंबप्रमुखाचे शिक्षण व व्यवसाय आणि कुटुंबाचे मासिक उत्पन्न धरले जाते आणि उत्पन्नाचे गट महागाईच्या निर्देशांकानुसार वेळोवेळी बदलावे लागतात. आमच्या प्रणालीत कुटुंबप्रमुखाऐवजी खुद्द रुग्णाचा व्यवसाय धरला जातो, खेड्यातल्या रुग्णालाही हीच श्रेणी लागते आणि उत्पन्नाचे गट कोणत्या वर्षीचे आहेत हे कोठेही लिहिलेले नाही. त्यामुळे अभियंत्याची शाळकरी मुलगी खालच्या स्तरात गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. कनिष्ठ डॉक्टर तो ठिपका पाहून औषधाचा ब्रँड निवडतात, ही गोष्ट मला हिरव्या पट्टीपेक्षाही अधिक काळजीची वाटते.

प्रश्न कोठे आणि कोणासमोर विचारला जातो, हे कोणत्याच पडद्यावर दिसत नाही. मागे रांग उभी असताना “दारू पिता का?” याचे उत्तर काय येणार? नवऱ्याने टाकलेली बाई भावासमोर ‘विवाहित’च सांगते, आणि तसेही आमच्या यादीत परित्यक्तेसाठी पर्यायच नाही. तंबाखूच्या रकान्यात खेड्यातल्या बायकांचे उत्तर ‘नाही’ असते आणि ते त्यांच्या समजुतीप्रमाणे प्रामाणिक असते, कारण सकाळी दातांना लावायची मिश्री ही त्यांच्या लेखी तंबाखू नव्हे. ‘गॅस आहे का’ याला ‘होय’ येते. सिलिंडर कोपऱ्यात असतो, भाकरी चुलीवर होते.

या बाबतीत आशाताईंच्या हातातला सरकारी कागद आमच्या महागड्या प्रणालीपेक्षा सरस आहे, हे नमूद करायला हवे. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी तिशीपुढील व्यक्तींचा जो समुदाय-आधारित मूल्यमापन तक्ता भरला जातो, त्यात गॅसजोडणी आहे का असे न विचारता स्वयंपाकासाठी कोणते इंधन वापरता असे विचारलेले आहे, आणि वीटभट्टीसारख्या धूर-धुळीच्या कामाचा वेगळा प्रश्न आहे. शिवाय तो तक्ता घरी भरला जातो. आशाताईंना चूल डोळ्यांनी दिसते. परदेशात सगळे सुरळीत आहे असेही नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत झेड 55 ते झेड 65 हे संकेतांक नेमके अशाच परिस्थितीसाठी आहेत : निरक्षरता, बेकारी, बेघरपणा, एकटे राहणे. तरीही अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेतील पारंपरिक विभागाच्या 2019 मधील दाव्यांत असे संकेतांक जेमतेम 1.59 टक्के लाभार्थ्यांच्या नोंदीत आढळले होते. तेथे रकाना रिकामा राहतो, आमच्याकडे तो चुकीच्या उत्तराने भरतो; दोन्हींपैकी निवडायचेच झाले तर मी रिकामा निवडेन.

प्रणालीच्या जमेच्या बाजूही आहेत. मराठी टंकलेखन सुरळीत चालते, छापील केसपेपरवर जोडाक्षरे तुटत नाहीत, आणि सर्व नोंदी तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येतात, म्हणूनच हे परीक्षण लिहिता आले. ‘समाजसेवकाची टीप’ नावाचा एक मोकळा रकाना आहे आणि खरी माहिती सगळी तेथे आहे : ‘मुलगा पुण्यात, फोन उचलत नाही’, ‘नळाला चार दिवसांनी पाणी’, ‘जावेकडे जेवते’. मात्र ती शोधण्याची सोय अगदी प्राथमिक आहे. ‘धुणीभांडी’, ‘धुणं भांडी’ आणि ‘धुणेभांडी’ हे तिच्यासाठी तीन वेगळे शब्द आहेत, आणि डॉक्टरांच्या पडद्यावर ही टीप दिसतच नाही; दिसतो तो फक्त रंगीत ठिपका.

विक्रेत्याच्या सेवेविषयी तक्रार करायला फारशी जागा नाही. फोन उचलला जातो, माणूस येतो, ऐकून घेतो. आमच्या मागणीवरून त्यांनी गेल्या सुधारणेत होय-नाहीच्या रकान्यांत ‘विचारले नाही’ हा तिसरा पर्याय दिला, याचा मला मनापासून आनंद झाला होता. पुढे मासिक अहवाल काढला तेव्हा लक्षात आले की अहवालात ‘विचारले नाही’ची गणना ‘नाही’मध्येच केली आहे. विचारणा केल्यावर त्यांच्या प्रतिनिधीने अत्यंत अदबीने सांगितले, “मॅडम, तसं केलं नाही तर पूर्णतेची पट्टी लाल होते, आणि बाकीच्या हॉस्पिटल्सना ते चालत नाही.” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते, आणि पट्टीवर खूश होणाऱ्यांत आमचेही व्यवस्थापन होते, त्यामुळे मला पुढे फारसे बोलता आले नाही.

नवीन प्रणाली घेणाऱ्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी रिकाम्या, आखीव उदाहरणावर समाधान मानू नये. आपल्या वॉर्डातला एखादा अवघड रुग्ण डोळ्यांपुढे आणावा, उदाहरणार्थ खोपीत राहणारी, नवऱ्याने टाकलेली, धुणीभांडी करणारी आणि शेजारणीने आणलेली बाई, आणि विक्रेत्यालाच तिची नोंद करायला सांगावी. मग तीच नोंद तीन महिन्यांनी बदलली असे समजून जुने उत्तर आणि त्याची तारीख परत मागावी. आमच्या खरेदीच्या वेळी मी त्या बैठकीला होते आणि यातले काहीही विचारले नव्हते.

बिले आणि औषधभांडारासाठी मी या प्रणालीला पाचपैकी चार तारे देईन, सामाजिक माहितीच्या भागाला दीड. त्यातला अर्धा तारा मोकळ्या टिपेच्या रकान्यासाठी आहे. देखभालीचा करार मार्चअखेर संपतो. नूतनीकरणासाठी समाजसेवा विभागाने दोन अटी लेखी दिल्या आहेत : प्रत्येक सामाजिक नोंदीला तारीख व सांगणाऱ्याचे रुग्णाशी नाते जोडले जावे, आणि रंगीत ठिपका काढून त्या जागी टिपेची पहिली ओळ दिसावी. पहिली अट पुढील सुधारणेत पूर्ण करू असे विक्रेत्याने कळवले आहे. दुसरीवर आमच्याच डॉक्टरांचा निर्णय व्हायचा आहे, कारण काहींना ठिपका सोयीचा वाटतो.